बंडूला आत घ्याल का?

शिरवळच्या बाजारपेठेत, आमच्या नेहमीच्या किराणा दुकानासमोर मी उभी. एका हातात आईने दिलेली यादी, दुसऱ्या हातात बंडूचा पट्टा. बंडूच्या अंगात लालभडक जॅकेट आणि त्यावर पांढऱ्या ठसठशीत इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, 'इमोशनल सपोर्ट डॉग'. दुकानातलं बोलणं एकदम थांबलं. शेंगदाणे मोजणारा पोरगा माप हातात धरून तसाच थबकला. दोन गिऱ्हाइकं बाजूला सरकली. गल्ल्यावरचे काका उठून उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, काय सापडलं का?"

पोलिसांचं कुत्रं वाटलं त्यांना. बॉम्ब शोधणारं!

मग त्यांनी चष्मा नीट केला. "आगं, तू होय! आणि ह्याला काय शाळेत घातलंय का?"

आता एवढ्या शिकल्यासवरल्या, मास कॉमची डिग्री वगैरे घेतलेल्या मुलीने कुत्र्याला युनिफॉर्म घालून साखर-पोहे आणायला का जावं, हे कळायला थोडं फ्लॅशबॅकमध्ये जावं लागेल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात एका मॉलमधल्या सुपरमार्केटमध्ये मी बिलिंगच्या रांगेत उभी होते. महिनाअखेर. एका क्लायंटकडे तीन महिन्यांचं पेमेंट अडकलेलं, रूममेट लग्न करून बंगलोरला गेलेली, बाबांची अँजिओप्लास्टी नुकतीच झालेली. पण त्या क्षणी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. डोक्यात होतं ते कॉर्नफ्लेक्सवरचं 'एकावर एक फ्री'. आणि अचानक हाताची बोटं बधिर झाली, कानात शिट्टी वाजायला लागली, छाती अशी धडधडायला लागली की वाटलं, संपलं. बाबांना झालं तेच आपल्याला होतंय. ट्रॉली तिथेच सोडून मी बाहेर पळाले आणि पार्किंगच्या जिन्यावर बसून राहिले. हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढला. एकदम नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक.

ज्यांना आला नाही त्यांना सांगून कळत नाही, आणि ज्यांना आलाय त्यांना सांगायची गरज नाही. अटॅकपेक्षाही बेक्कार असते ती पुढच्या अटॅकची भीती. रांग दिसली की घाम. लिफ्ट, मेट्रो, बँक, सगळीकडे आधी बाहेर जायचं दार कुठे आहे ते बघायचं. तीन महिने मी सगळं सामान ऑनलाइन मागवत होते. वरवर पाहिलं तर फुल टू मॉडर्न लाइफ. आत मात्र एकविसाव्या शतकातली ओसरीवरची विधवा! घराचा उंबरा म्हणून ओलांडायचा नाही.

बंडू या काळात आला. म्हणजे मी आणला नाही, तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला. एक कान उभा, एक पडलेला, रंग कडक चहासारखा. पक्का गावठी. त्याला खाली फिरवायला नेणं भागच होतं, त्यामुळे मीही खाली जायला लागले. मग कोपऱ्यापर्यंत. मग मेडिकलपर्यंत. रांगेत उभं राहून त्याच्या मानेवरच्या केसांत बोटं खुपसली की कानातली शिट्टी बंद व्हायची. कुत्र्याने पॅनिक अटॅक बरे होतात असला काही फंडा मी इथे देणार नाही. गोळ्या चालू होत्या, कौन्सेलिंग चालू होतं. पण गोळी रांगेत तुमच्या पायाला चिकटून उभी राहत नाही.

यात अगदीच भाबडेपणा नाही बरं का. बोरिस लेव्हिन्सन नावाचे एक अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्याशी अजिबात न बोलणारा एक मुलगा त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी मात्र खेळायला लागला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हे आपल्या व्यवसायबंधूंसमोर मांडलं तेव्हा लोक हसले होते. पुढे २०१५ मध्ये जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळामध्ये जे वाढतं, तेच. हे वाचल्यावर मी बंडूकडे इतका वेळ टक लावून बघितलं, की तो उठून किचनमध्ये निघून गेला.

प्रॉब्लेम सुरू झाला काचेच्या दारांपाशी. सुपरमार्केट, बँक, कॅफे, मोबाइलचं शोरूम. दाराशी वॉचमन, वॉचमनच्या हातात मेटल डिटेक्टर आणि तोंडात एकच वाक्य, "मॅडम, डॉगी अलाउड नाही." काही पेट फ्रेंडली कॅफे असतात, तिथे कुत्र्याला वेगळा मेन्यू आणि स्वतःचा केक मिळतो. पण मला बंडूचा बर्थडे करायचा नव्हता. मला टूथपेस्ट घ्यायची होती!

न्यू जर्सीतली मैत्रीण म्हणाली, "यार, सिंपल आहे. ईएसए लेटर काढ." अमेरिकेत म्हणे सर्टिफिकेट दाखवलं की कुत्रं कुठेही नेता येतं. मग रात्री दीड वाजता मी क्रेडिट कार्ड काढून जॅकेट मागवलं. सोबत एक ओळखपत्र. बंडूचा फोटो, सोनेरी शिक्का, आठ आकडी नंबर. माझ्या प्रेसकार्डापेक्षा भारी दिसत होतं.

ते गळ्यात अडकवून आठ दिवस मिरवल्यावर माझ्यातली पत्रकार जागी झाली. (ती नेहमी पैसे भरून झाल्यावरच जागी होते.) शोधलं तर काय, अमेरिकेतही असा नियम नाही. तिथला अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९०चा. त्याखाली दुकानात हक्काने जाऊ शकतो तो सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंगत्वाशी संबंधित एखादं ठरावीक काम शिकवलेला कुत्रा. अंधांना रस्ता दाखवणारा, फीट येण्याआधी सावध करणारा. दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? 'जवळ असला की बरं वाटतं' हे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर धरलं जात नाही. आणि सर्टिफिकेटं विकणाऱ्या वेबसाइट्सच्या मागे कसलीही सरकारी नोंदणी नाही. तिथे हे प्रकरण एवढं वाढलं होतं, की जानेवारी २०१८ मध्ये एक बाई न्यूअर्कच्या विमानतळावर चक्क मोर घेऊन आली. इमोशनल सपोर्ट मोर, नाव डेक्स्टर! त्याला विमानात घेतलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या परिवहन खात्याने नियमच बदलला आणि इमोशनल सपोर्टचे प्राणी नेण्याचं विमान कंपन्यांवरचं बंधन काढून टाकलं.

आपल्याकडे तर बोलायलाच नको. घराच्या बाबतीत पाठबळ आहे. २०१५ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने मार्गदर्शक सूचना काढल्या, की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन बुक करा, नाहीतर तो गार्डाच्या डब्यात. नोव्हेंबर २०२२ पासून अकासा एअरने विमानात सोबत न्यायची सोय केली, पण छोट्या प्राण्यांची. आमचा बंडू अठरा किलो. दुकानाच्या बाबतीत मात्र 'मला आधार वाटतो' म्हणून कुत्रा आत न्यायचा हक्क कुठलाच कायदा देत नाही. दुकान त्याचं, दार त्याचं, मर्जी त्याची. त्यात जिथे खायचे पदार्थ बनवतात, तिथे जनावर येऊ नये असं अन्नसुरक्षेचे नियमच सांगतात.

थोडक्यात, जॅकेट ही शुद्ध बंडलबाजी होती. तरी मी ते घालतच राहिले. कारण दहातले चार वॉचमन त्याला फसायचे.

मग बाबांच्या तब्येतीचं निमित्त होऊन मी चार महिन्यांसाठी शिरवळला आले. आमच्या गावाची ओळख म्हणजे हायवे. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की खेड शिवापूरचा टोलनाका, कापूरहोळ, सारोळा, मग नीरा नदीचा पूल, आणि पूल ओलांडला की सातारा जिल्ह्यातलं पहिलं गाव आमचं. बहुतेकांनी ते ताशी ऐंशीच्या स्पीडने बघितलेलं असतं. मी अठरा वर्षांची होईपर्यंत इथे राहिले आणि एक गोष्ट कधी लक्षातच आली नव्हती. गावातल्या जुन्या दुकानांना 'आत' नसतं!

म्हणजे असं बघा. किराणा दुकानात तुम्ही आत जाता का? नाही. एक पायरी, मग फळी, फळीच्या पलीकडे मालक आणि माल, अलीकडे तुम्ही. तुम्ही रस्त्यावरच असता. मेडिकल तसंच. पिठाची गिरणी तशीच. भाजीवालीला तर भिंतीच नाहीत. तुमच्या शेजारी सायकल उभी असते, पोर उभं असतं, कधी कधी शेळी उभी असते. मग कुत्र्याला 'अलाउड' आहे का, हा प्रश्न येतोच कुठे? हे 'आत' नावाचं प्रकरण आलं काचेच्या दाराबरोबर आणि एसीबरोबर.

आमच्या किराणावाल्या काकांनी तर त्या दिवशी जॅकेट स्वतःच्या हाताने काढलं. "उकडतंय त्याला," म्हणाले. गल्ल्याच्या वर दत्ताचं कॅलेंडर होतं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री. काकांनी वर बोट दाखवलं, मग खाली बंडूकडे. "ह्यो पाचवा." पण बंडूने फळीवर पाय ठेवल्यावर मात्र, "ए, खाली! पोत्याला तोंड लावायचं न्हाय." इतकं सरळ होतं. पायरीपर्यंत तू आमचा, फळीच्या पुढे नाही. बाजारपेठेत दोन आठवडे फिरले, आणि कानातली शिट्टी एकदाही वाजली नाही. श्रेय सगळं मी बंडूला देऊन टाकलं.

पण शिरवळ आता नुसतं बाजारपेठेचं राहिलं नाही. एमआयडीसी आल्यापासून हायवेला दुसरंच गाव वसलंय. फ्लॅट, एटीएम, आणि सर्व्हिस रोडला काचेच्या दाराचं एक चकाचक मार्ट. आईला ओट्स हवे होते (बाबांचं पथ्य) आणि ते तिथेच मिळतात. बंडूला जॅकेट चढवून निघाले. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "धर्मराजालासुद्धा कुत्र्यासकट स्वर्गाच्या दारात अडवलं होतं. तू कोण लागून गेलीस?"

दारावरच्या पोराने जॅकेट वाचलं, गोंधळला आणि सोडलं. आम्ही ओट्स घेतले, रांगेकडे वळलो. बिस्किटांच्या रॅकपाशी कंपनीच्या युनिफॉर्ममधली एक बाई उभी होती, माझ्याच वयाची. बंडू तिच्यापासून चार फुटांवर आला आणि ती रॅकला पाठ लावून ताठ झाली. पुडे खाली पडले.

आणि मी ते वाक्य बोलले. जगातल्या समस्त कुत्रेवाल्यांचं राष्ट्रगीत! "अहो, काही करत नाही तो!"

तिने ऐकलंच नाही. तिचा श्वास वर वर चालला होता. बोटं रॅकच्या कडेला घट्ट, नखं पांढरी. नजर बंडूवर नव्हतीच, ती त्याच्या मागे, दाराकडे होती. बाहेर जायचा रस्ता शोधणारी ती नजर मी आरशात शंभरदा बघितलीय. ओट्स तिथेच ठेवून मी बंडूला ओढत बाहेर आणलं.

दहा मिनिटांनी ती बाहेर आली. मी बंडूला दूर, विजेच्या खांबाला बांधलं आणि तिच्याकडे जाऊन सॉरी म्हटलं. ती पायरीवर बसली, मी पाणी दिलं. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री रूमवर जाताना मागे चार-पाच कुत्री लागली होती, एकाने पोटरी फोडली, पाच इंजेक्शनं घ्यावी लागली. आता ती कंपनीतून कुणाच्या तरी सोबतीशिवाय निघत नाही. "तुमचा काय करत नसंल ओ ताई," ती म्हणाली. "पन माझ्या पायाला त्ये कळत न्हाई."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या छातीला कुठे कळतं, की बिलिंगची रांग काही करत नाही? आणि मी काय केलं होतं, तर मला श्वास घेता यावा म्हणून तिचा बंद केला होता. तोही खोटं जॅकेट घालून.

यावर मी फार विचार केला असता, पण तेवढ्यात बंडूचा पाय निघाला. गेले कित्येक दिवस तो पुढचा डावा पाय चाटत बसायचा. आता तिथले केस जाऊन लालबुंद चट्टा पडला होता. शिरवळमध्ये बाकी काही मिळो न मिळो, जनावरांचे डॉक्टर मात्र चिक्कार. क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे १९८८ पासून आहे. आम्ही लहानपणी त्याला 'गुरांचं कॉलेज' म्हणायचो. तिथल्या दवाखान्याच्या रांगेत आमच्या पुढे टेम्पोतून आणलेली म्हैस, दोन शेळ्या आणि एक मेंढपाळ. मेंढपाळाने बंडूचं जॅकेट बघून विचारलं, "सर्कशीतलं हाय का?" मी ते काढून पिशवीत कोंबलं.

डॉक्टर मॅडमनी पाय बघितला, खरवडून तपासायला घेतलं, शिकाऊ मुलांना दाखवलं. बुरशी नाही, गोचीड नाही. मग मलाच प्रश्न. दिवसभर कुठे असतो? माझ्याबरोबर. म्हणजे कुठे? मी अभिमानाने यादी सांगितली. मॉल, बँक, कॅफे, मार्ट. झोपतो किती? आठवेना. मोठं कुत्रं दिवसातले निम्मे तास तरी झोपतं, त्या म्हणाल्या. सतत ताणात असलेली किंवा कंटाळलेली कुत्री कधी कधी एकच जागा चाटत राहतात. जखम होईपर्यंत.

"ताण? त्याला? अहो, तो किती खूश असतो, हे बघा." मी मोबाइलमधला माझा सगळ्यात लाडका फोटो दाखवला. मॉलमध्ये, एस्कलेटरसमोर, जीभ बाहेर, चक्क हसणारा बंडू. दोनशेवर लाइक्स आहेत त्याला.

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. हे कान मागे ओढलेले. हे डोळ्याचं पांढरं दिसतंय. शेपूट पोटाशी. एसीत उभा आहे ना? मग धापा का टाकतोय? आणि व्हिडिओत सारखी जांभई देतोय, नाकावरून जीभ फिरवतोय, ते झोपेने किंवा भुकेने नाही.

मी तो फोटो रोज बघत होते हो. वॉलपेपर होता तो माझा.

घरी येऊन वाचत बसले. स्वीडनमधल्या लिंशपिंग विद्यापीठाने २०१९ मध्ये एक अभ्यास केला होता, ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणी. दोघांच्या केसांमधलं कॉर्टिसॉल मोजलं. केसांत महिनोन्‌महिन्यांच्या ताणाचा हिशेब साठलेला असतो. जिचा ताण जास्त, तिच्या कुत्र्याचाही जास्त. आणि हे मालकिणीकडून कुत्र्याकडे जात असावं, असा त्यांचा अंदाज. बंडूच्या मानेवरच्या केसांत मी दीड वर्ष बोटं खुपसत होते. माझी शिट्टी बंद व्हायची, ती कुठे जात होती याचा विचार केला नव्हता.

जॅकेट आता बाबांच्या स्कूटरचा सीट पुसायला आहे. ओळखपत्र आईने फ्रिजवर लावलंय, ती म्हणते फोटो छान आलाय. बंडू बाजारपेठेत माझ्याबरोबर येतो, पायरीपर्यंत. दुपारी जिन्याखाली झोपतो आणि मी त्याला उठवत नाही. पायाला मलम चालू आहे, केस यायला लागलेत.

आणि ओट्स संपले.

परवा मी मार्टमध्ये एकटी गेले. म्हणजे अगदी एकटी नाही. बाबा म्हणाले, त्यांना तसंही दिवसाला तीन हजार पावलं चालायचीत. ते बंडूला घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसले, खिशात पार्ले-जीचा पुडा. (डॉक्टरांनी दोघांनाही बंद केलाय.) आत गेल्या गेल्या मी सवयीने दार बघून ठेवलं. ओट्स घेतले. रांगेत चार जण होते. तिसऱ्या मिनिटाला बोटांना मुंग्या आल्या, हात आपोआप खाली गेला आणि तिथे कुणी नव्हतं. मी बास्केटची दांडी धरली. कौन्सेलरने शिकवल्याप्रमाणे श्वास मोजायला लागले, चार आत, सहा बाहेर. शिट्टी वाजत होती. बारीक, पण वाजत होती.

काचेतून कट्टा दिसत होता. बाबा पेपर वाचत होते आणि बंडू त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून गाढ झोपला होता. काउंटरवरच्या बाई सुट्टे पैसे शोधायला पर्स उपसत होत्या. माझ्यापुढे अजून दोघं होते.